खोड कापून पाहा

सप्रेम आशीर्वाद.

कॅनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकावर बुरशीमुळे होणाऱ्या ब्लॅकलेग रोगावर काम घेतलंस, फार आनंद झाला. कोणत्या प्रतिकारक जनुकाच्या मागे लागू, असं विचारलंयस. आधी बुरशीची चाल नीट ओळख.

मागच्या पिकाच्या धसकटांवरून बीजाणू उडतात, कोवळ्या पानावर रुजतात, फिकट डाग पडतो. भिंगाखाली त्यात मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसतात. पुढे बुरशी देठातून खोडात उतरते आणि कित्येक आठवडे बाहेरून काही कळत नाही. पीक पिकायला आलं की खोड बुडाशी काळं पडून कुजतं. म्हणून त्या वेळी झाड उपट, जमिनीलगत कात्रीनं खोड आडवं काप आणि कापाचा किती भाग काळा आहे ते लिही. पहिल्या हंगामात मी पानं स्वच्छ बघून एका वाणापुढे ‘प्रतिकारक’ लिहून टाकलं. डागाळलेली खालची पानं तोवर गळून गेली होती! काढणीच्या तोंडावर तो वाण आडवा पडला. ती नोंद आजही मला सलते.

आता जनुकाचं. मोठं जनुक, म्हणजे एकट्यानं रोग रोखणारं, बुरशीचं एखादंच प्रथिन ओळखतं. ते प्रथिन बुरशीनं बदललं किंवा गमावलं की पहारा संपला. आयर द्वीपकल्पात, ऑस्ट्रेलियात, 2003 साली हेच झालं: जंगली नातेवाईक वनस्पतीतून आणलेली प्रतिकारशक्ती मोजक्या वर्षांत कोसळली. वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना झाडांचे संकर केले, तसे बुरशीचेही केले. झाडातल्या जनुकाला बुरशीत जोडीदार जनुक असतं, हे त्यातूनच उलगडलं. तूही दोन्ही बाजू धर. आणि थोडाथोडा हातभार लावणारी लहान जनुकं मोजायला किचकट असली तरी सोडू नकोस. मोठ्या जनुकाला आधार त्यांचाच असतो. स्क्लेरोटिनिया या दुसऱ्या बुरशीच्या खोडकुजीत तर भरवशाचं मोठं जनुक हाती नाही, तिथे भिस्त यांच्यावरच.

बुरशीनाशकाचंही तसंच, एकाच गटातलं पुन्हा पुन्हा मारलं की तेही निकामी होतं. फेरपालट आणि जुन्या धसकटांपासून अंतर, हे प्रयोगाच्या आराखड्यातच घाल.

या हंगामात धसकटं गोळा करशील, तेव्हा प्रत्येक वाणाची वेगळ्या कागदी पाकिटात ठेव. नाव पेन्सिलीनं लिही, शाई ओलीनं पसरते.