सोळा मजले विटांवर

प्रश्न : मुलीकडे शिकागोला गेलो होतो, तेव्हा मोनॅडनॉक ही जुनी व्यापारी इमारत पाहिली. विटांच्या भिंतींवर सोळा मजले! साताऱ्यात आमचं पणजोबांच्या काळचं दुमजली, विटांचं दुकान आहे. भिंतीतून भुगा पडतो. गवंडी म्हणतो, बाहेरून सिमेंटचा गिलावा करून टाकू. करावा का? आणि तिकडे त्यांनी ती इमारत टिकवली कशी?

उत्तर : करू नका. गवंड्याला आजच थांबवा.

जुनी वीट मऊ असते. ती पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात दर्जांतल्या, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतल्या, चुन्यावाटे बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आतच कोंडते, लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो, विटेचे पापुद्रे सुटतात. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः एका जुन्या पेढीची भिंत अशी बंद केली होती. तीन पावसाळ्यांनी पोपडे निघाले, तेव्हा मागच्या विटा बोटाने उकरता येत होत्या. ती भिंत मी विसरलेलो नाही.

मोनॅडनॉकचा तुम्ही म्हणता तो उत्तरेकडचा भाग १८९१चा. तळाशी भिंत ६ फूट जाड. मालक पीटर ब्रूक्स यांना नक्षी नको होती, म्हणून वास्तुविशारद जॉन रूट यांनी सारं सौंदर्य भिंतीच्या बाकदार वळणात आणलं. त्यासाठी खास साच्यातल्या गोलसर विटा पाडून घेतल्या. इमारत पुरी झालेली पाहायला रूट राहिले नाहीत. जमीन इतकी भुसभुशीत की ८ इंच खचेल असं धरलं होतं, ती सुमारे २० इंच खचली. तरी उभी आहे! १९७९ मध्ये नव्या मालकांनी डागडुजी हाती घेतली. मूळ नकाशे, जुने फोटो समोर ठेवून, भाडेकरू असतानाच, हळूहळू काम केलं. त्याला दहा वर्षांहून जास्त लागली. वापर थांबला नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. तुम्हीही दुकान बंद ठेवू नका.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा : फुटकी कौलं, तुंबलेली पन्हाळ, जोत्याशी साचणारं डबकं. ते बंद झाल्यावरच दर्जा उकरायच्या, त्याही हातछिन्नीने. ग्राइंडरने विटेची कड जाते. मग चुना-सुर्खीने (सुर्खी म्हणजे विटांची पूड) भरून घ्या आणि काही दिवस ओली गोणपाटं लावून ठेवा. पहिला हात मागच्या भिंतीवर, चार फुटांच्या तुकड्यावर मारा. तो एक पावसाळा पाहा, मगच दर्शनी भिंतीला हात लावा.