‘करून राहिलो’चं फ्रेंच

प्रश्न : ‘मी जेवून राहिलो’ याचं फ्रेंच मी ‘झ स्वी मांझ’ असं केलं. ‘आहे’ला ‘स्वी’ आणि ‘जेवतो’ला ‘मांझ’. वहीत काट आली. चूक नेमकी कुठं? (विद्यार्थी, हिंगणघाट तालुका)

उत्तर : चूक ‘स्वी’ घालण्यात आहे. फ्रेंचमध्ये दोन चालवलेली, म्हणजे कर्त्याप्रमाणे रूप बदललेली, क्रियापदं अशी शेजारी बसत नाहीत. ‘झ मांझ’ एवढंच पुरे. ‘मी जेवतो’ आणि ‘मी जेवून राहिलो’ (म्हणजे ‘जेवतो आहे’) या दोन्हींसाठी साधा वर्तमानकाळच चालतो, कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून कळतं. फोनवर कुणी ‘केस्क त्यु फे?’ म्हणजे ‘काय करून राहिला?’ विचारलं, तर ‘झ मांझ’ हे पूर्ण उत्तर झालं. पाऊस पडून राहिला, ‘इल प्ल’. बाया कापूस वेचून राहिल्या, ‘एल रेकोल्त ल कोतों’. (उच्चार अंदाजे दिले आहेत. ‘ज़’ हा ‘जरा’मधला.)

‘आत्ता, या घडीला, मधे बोलू नका’ असा जोर द्यायचा असेल तेव्हाच दुसरी रचना काढा : ‘एत्र’ (‘असणे’, ‘स्वी’ हे त्याचंच रूप) हे क्रियापद चालवून, पुढे ‘आं त्रॅं द’ आणि शेवटी मूळ रूपातलं क्रियापद. ‘झ स्वी-ज़ां त्रॅं द मांझे.’ कर्त्याप्रमाणे बदलतं ते फक्त ‘एत्र’. मांझे, रेकोल्ते वगैरे शेवटची क्रियापदं कर्ता कोणीही असला तरी तशीच राहतात. पुढचं क्रियापद स्वरानं सुरू होत असेल तर ‘द’ त्याला चिकटतो : पाणी ओलून राहिलो, ‘झ स्वी-ज़ां त्रॅं दारोज़े’.

आपल्याकडं ‘राहिलो’ सगळीकडं लागतं, म्हणून विदर्भातली मुलं ‘आं त्रॅं द’ शिकली की दर वाक्यात तेच घालतात. फ्रेंच कानाला ते जड वाटतं. शिवाय ‘काय करून राहिला?’ हाच प्रश्न ‘आं त्रॅं द’ लावून विचारला, तर बरेचदा ‘हे काय चालवलंय तू?’ असा दरडावणीचा सूर येतो.

प्रश्न : मग ‘आं त्रॅं द’ कुठं मुळीच चालत नाही?

उत्तर : चार ठिकाणं. पहिलं, उद्याचं बोलणं. ‘उद्या नागपूरला जाऊन राहिलो’ हे आपण सहज म्हणतो. फ्रेंचमध्ये ‘झ व्हे आ नागपूर दमॅं’. दुसरं, माहीत असणं, जवळ असणं, ओळखणं अशा स्थिती. तिथं काही ‘चालू’ नसतंच. तिसरं, आधीच झालेली अवस्था. बाबा ओट्यावर बसले आहेत, ‘इल ए-तासी’. ‘इल ए-तां त्रॅं द सास्वार’ म्हटलं तर ते आत्ता खाली टेकत आहेत असा अर्थ होतो. ‘बसले आहेत’ आणि ‘बसताहेत’ हा भेद मराठीत आहेच, तो धरून ठेवा. साडी नेसली आहे, हेही तसंच : ‘एल पोर्त अं सारी’. आणि चौथं म्हणजे ‘पासून’.

‘सहा महिन्यांपासून फ्रेंच शिकून राहिलो’ : ‘झाप्रां ल फ्रांसे दप्वी सी म्वा.’ वर्तमानकाळ आणि ‘दप्वी’, बस. इथं मराठीवरून थेट फ्रेंचमध्ये जाणारा सुखी. इंग्रजीच्या वाटेनं गेलेला भूतकाळ घालतो आणि वाक्य बिघडतं. शिकणं संपलं असेल तर मात्र ‘दप्वी’ काढून ‘पांदां’ घ्या आणि क्रियापद भूतकाळात न्या.

प्रश्न : भूतकाळात? ‘मी जेवून राहिलो होतो, तेवढ्यात फोन वाजला’?

उत्तर : चालू असलेल्या कामाला अपूर्ण भूतकाळ, अचानक घडलेल्याला पूर्ण : ‘झ मांझॅ, कां ल तेलेफोन आ सोने.’ जोर हवा तर ‘झेतॅ आं त्रॅं द मांझे’. ‘झे एते आं त्रॅं द’ असं कधीच नाही. ही रचना पूर्ण भूतकाळात बसत नाही.

प्रश्न : ‘गात गात’, ‘पाणी देताना’ हे कसं सांगायचं? (शिक्षिका, वरूड तालुका)

उत्तर : ‘आं’ आणि ‘आं’नं संपणारं धातुसाधित. गात गात कापूस वेचते, ‘एल रेकोल्त ल कोतों आं शांतां’. पण दोन्ही कामं एकाच माणसाची असली पाहिजेत. ‘मी पाणी देताना लाइट गेली’ यात देणारा मी आणि गेली ती लाइट. मराठीला चालतं, फ्रेंचला नाही. तिथं ‘पांदां क झारोज़ॅ ल शां’, म्हणजे ‘मी शेताला पाणी देत होतो तेव्हा’, असं पूर्ण वाक्य करून पुढचं जोडा.

प्रश्न : आंघोळीच्या वाक्यात ‘स’ कुठं ठेवायचा?

उत्तर : आंघोळ करणं म्हणजे ‘स लाव्हे’, त्यातला ‘स’ म्हणजे ‘स्वतःला’. तो मूळ क्रियापदाच्या लगेच आधी, आणि कर्त्याप्रमाणे बदलून. ‘झ स्वी-ज़ां त्रॅं द म लाव्हे’, पण ‘नू सोम-ज़ां त्रॅं द नू लाव्हे’. शब्दकोशातला ‘स’ जसाच्या तसा ठेवणं ही पहिल्या वर्षाची ठरलेली चूक. ‘ते वाचून राहिलो’मधला ‘ते’ही त्याच जागी येतो : ‘झ स्वी-ज़ां त्रॅं द ल लीर’.