वही आधी तुम्ही वाचा

एका वडिलांचं पत्र: "मी एसटीत वाहक आहे, बार्शी तालुक्यात राहतो. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने दीडशे पानांची कादंबरी लिहिली आहे, आमच्या संपाच्या दिवसांतल्या घरावर. आता म्हणते, कॉलेज सोडते आणि पूर्णवेळ लेखिका होते. एका प्रकाशनाने ४५,००० रुपये भरा, ३०० प्रती काढून देतो, असं कळवलंय. त्यांचं पत्र सोबत जोडतो. सोसायटीचं कर्ज काढून भरू का? वही मी वाचलेली नाही, मला साहित्यातलं काही कळत नाही. तिचं मन मोडायचं नाही, पण आयुष्यही वाया जायला नको."

सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. कर्ज काढून तर मुळीच नको. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आज ठरवा.

प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो तेव्हा तो हस्तलिखित दोनदा वाचतो, प्रकरणं मागेपुढे करायला सांगतो, मुद्रितं तपासून घेतो आणि पुस्तक दुकानांत, ग्रंथालयांत पोचावं म्हणून धडपडतो. खपलं नाही तर बुडणारा तोच असतो. लेखकाकडूनच खर्च वसूल झाला की त्याला यातलं काहीच करायची गरज उरत नाही. तुम्ही जोडलेलं पत्र मी वाचलं. त्यात संपादनाबद्दल एक ओळ नाही, प्रती कुठे विकणार याबद्दलही नाही. त्या ३०० प्रती तुमच्याच घरी येतील. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका मुलाच्या घरी असे गठ्ठे मी पलंगाखाली पाहिले आहेत. त्याला चार वर्षं झाली, त्या मुलाने पुन्हा काही लिहिलं नाही. पूर्ण विचार करून आपलं पुस्तक आपणच काढणारे लेखक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण वीस वर्षांच्या मुलीचा पहिला खर्डा, तोही कर्ज काढून छापायचा, हे मला पटत नाही.

त्या पत्रात 'सर्व हक्क प्रकाशनाकडे राहतील' असंही वाक्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क लिहिणाऱ्याचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. पुढे कधी खरा करार समोर आला तर मुदत, आवृत्तीच्या प्रती आणि मानधनाची टक्केवारी आकड्यांत लिहून घ्या. सही मुलीने करायची आहे, म्हणून प्रत्येक ओळ तिनेच वाचायला हवी.

आता कादंबरीकडे येते. लिहिणाऱ्या मुलांना भालचंद्र नेमाडे यांची गोष्ट फार आवडते: पंचविशीतल्या मुलाने थोड्याच दिवसांत 'कोसला' लिहिली, १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती छापली आणि मराठी कादंबरीची वाटच बदलली. गोष्ट खरी आहे, पण सांगणारे आधीची वर्षं गाळतात. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीहून पुण्याला येणं, फर्ग्युसन, डेक्कन कॉलेजातलं भाषाशास्त्र, कविता, अनियतकालिकं काढणाऱ्या मित्रांमधली वादावादी, अफाट वाचन, हे सगळं त्या थोड्या दिवसांच्या मागे होतं. पुढची वर्षंही गाळतात. एवढी गाजलेली कादंबरी नावावर असताना त्यांनी नगर, धुळे, औरंगाबाद इथल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवून संसार केला.

तुमच्या मुलीच्या हातात आज पहिला खर्डा आहे. दीडशे पानं शेवटपर्यंत नेणं सोपं नसतं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तिसऱ्या प्रकरणात थांबतात. म्हणून तिची पाठ थोपटा. मग वही महिनाभर मिटून ठेवायला सांगा. नंतर तिने ती मोठ्याने वाचावी, जीभ अडखळेल तिथे खूण करावी आणि ते पान नव्याने लिहावं. हा दुसरा खर्डा सहा महिने खाईल, कदाचित वर्षही. याच काळात हात तयार होतो आणि याला कुठलाही कोर्स पर्याय नाही.

दरम्यान एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहतं का, ते तिने पाहावं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि नवं नाव संपादकांच्या नजरेस पडायला आजही ही मोठी जागा आहे. कथा युनिकोडमध्ये टाइप करून जूनपर्यंत पाठवावी. सप्टेंबरात पाठवली तर कुणाला वाचायला सवड नसते. नकार येतील, पुष्कळदा उत्तरच येणार नाही. त्या दिवसांत घरात कुणी 'तरी सांगत होतो' असं म्हणू नये.

आणि पूर्ण कादंबरीसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही, त्यांच्यासाठीच ती आहे. जाणकार हस्तलिखित वाचतात, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. म्हणजे आज ४५,००० भरून पुस्तक काढलंत, तर तिचं हे दार तुम्ही पैसे देऊन बंद कराल.

कॉलेज सोडायचं का? नाही. हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. २५० रुपयांचं पुस्तक, १,००० प्रती, दहा टक्के मानधन: सगळ्या प्रती संपल्यावर २५,००० रुपये. त्या संपायला अनेकदा वर्षं लागतात. जत तालुक्यातले नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी' या पहिल्याच कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तो ५०,००० रुपयांचा असतो. दोनच वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये, तासिका तत्त्वावरचं काम थांबलं आणि त्यांना शेतमजुरी करावी लागली. ही बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. आपल्याकडे चांगल्या लेखकालाही पोटासाठी दुसरं काहीतरी हाताशी ठेवावं लागतं, हे तिला आत्ताच माहीत असलेलं बरं.

विज्ञान लेखनाच्या आड येतं असं तिला वाटत असेल तर तिला सांगा, कादंबरीकार श्याम मनोहर भौतिकशास्त्र शिकवत होते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. नावामुळे नव्हे, कथेमुळे बक्षीस मिळावं, एवढीच इच्छा. बक्षीस मिळालं. पदवी हातात आली की पुढे एम.ए. मराठी, अनुवाद, विज्ञानलेखन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधलं (एफटीआयआय) पटकथालेखन यांचा विचार करता येईल. आत्ता तिला रोज सकाळचा दीड तास द्या. त्या वेळात कुणी हाक मारायची नाही, पाणी भरायला नाही, दूध आणायलाही नाही. लिहिणाऱ्या मुलींचा हाच वेळ घरात सगळ्यात आधी कापला जातो.

शेवटी तुमच्याबद्दल. 'मला साहित्यातलं काही कळत नाही' असं तुम्ही लिहिलंत. पण ती कादंबरी २०२१-२२ च्या संपातल्या घराची आहे. पगार नसलेल्या महिन्यांत किराणा कसा आला, डेपोच्या गेटवर कोण काय बोललं, कामावर परत गेलात त्या दिवशी पहिली गाडी कुठली मिळाली, हे तुमच्याइतकं कुठल्या संपादकाला ठाऊक असणार? तेव्हा ती शाळकरी पोर होती. तिला घरातलं दिसलं, गेटवरचं तुम्ही पाहिलंत. वहीतला बाप तुम्हाला आवडेलच असं नाही. कदाचित तुम्ही विसरलेला एखादा वाईट प्रसंग तिने जसाच्या तसा लिहिला असेल. ते पान काढायला सांगू नका. वाचून गप्प राहिलात तरी चालेल.

तिला विचारून वहीची झेरॉक्स काढा, मूळ वही घरीच राहू द्या. पुढच्या मुक्कामी ड्युटीला ती प्रत आणि एक शिसपेन्सिल बरोबर न्या. गाडीची वेळ, वे-बिल, तिकिटाचं मशीन, डेपोतली भाषा, यांत चूक दिसेल तिथे बारीक खूण करा. घरी आलात की दोघं समोरासमोर बसा आणि पहिल्या खुणेपासून सुरुवात करा.