वाचकांचे प्रश्न : हुनेदोआराचा कोर्विनुल

रोमानियातल्या कोर्विनुल हुनेदोआरा या दुसऱ्या श्रेणीत खेळून युरोपात गेलेल्या फुटबॉल क्लबबद्दल आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : दुसऱ्या श्रेणीतला क्लब 2024 मध्ये युरोपा लीगमध्ये खेळला. हे नियमात बसते का?

बसते. रोमानिया कप जिंकणाऱ्याला युरोपा लीगच्या पात्रता फेरीत जागा मिळते, मग तो कोणत्याही श्रेणीत खेळत असो. फक्त युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, परवाना हातात हवा. 15 मे 2024 रोजी सिबिऊच्या मैदानावर कोर्विनुलने ओत्सेलुल गालात्सशी 2-2 अशी बरोबरी केली आणि पेनल्टीवर 3-2 असा कप घेतला. जुलैत हंगेरीत जाऊन त्यांनी पाक्श संघाला 4-0 असे हरवले आणि ती फेरी पार केली. पुढच्या फेरीत क्रोएशियाच्या रिएकाने त्यांना बाहेर काढले. युरोपा लीगच्या दुसऱ्या पात्रता फेरीत हरलेला संघ कॉन्फरन्स लीग या तिच्या खालच्या स्पर्धेच्या तिसऱ्या पात्रता फेरीत जातो. तिथे कझाकस्तानचा आस्ताना भेटला आणि प्रवास संपला.

कपची रचनाही लहान क्लबांना मानवणारी आहे. 2022-23 पासून बाद फेऱ्यांच्या आधी गट असतात. 24 संघ, सहा-सहाचे चार गट, पण प्रत्येकाला सामने तीनच. म्हणजे गटातल्या पाचपैकी दोन प्रतिस्पर्धी तुमच्यासमोर येतच नाहीत. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात. एवढ्या थोड्या सामन्यांत गुणतक्त्यावर नशिबाची छाप पडणारच. मोठ्या क्लबांचे चाहते याबद्दल कुरकुरतात, आणि ती कुरकुर अगदीच चुकीची नाही.

प्रश्न : खालच्या श्रेणीतल्या क्लबने कप जिंकण्याची ही पहिलीच वेळ का?

नाही. 1954 मध्ये मेतालुल रेशित्साने अंतिम सामन्यात दिनामो बुखारेस्टला 2-0 असे हरवले, तेही दुसऱ्या श्रेणीत असताना. 1961 मध्ये आरिएशुल तुर्दाने रापिद बुखारेस्टवर 2-1 अशी मात केली. 1973 मध्ये तर किमिया रिम्निकु विल्चा आणि कन्स्त्रुक्तोरुल गालात्स हे खालच्या श्रेणीतलेच दोन क्लब अंतिम फेरीत होते. पहिला सामना 1-1 सुटला, फेरसामना किमियाने 3-0 असा जिंकला.

आता या नावांकडे नीट पाहा. मेतालुल म्हणजे धातू, किमिया म्हणजे रसायन, कन्स्त्रुक्तोरुल म्हणजे बांधकाम करणारा, ओत्सेलुल म्हणजे पोलाद. शेवटचा ‘उल’ हा रोमानियन भाषेतला निश्चित उपपद-प्रत्यय, इंग्रजीतल्या ‘द’सारखा, पण नावालाच चिकटतो. साम्यवादी काळात क्लब कारखान्याचा किंवा कामगार संघटनेचा असे. खेळाडू कागदोपत्री हौशी, पण पगारपत्रकावर कारखान्याचे कामगार. मैदान, बस, मुक्काम सगळे कारखान्याच्या खर्चाने. त्यामुळे गावाची लोकसंख्या पाहून क्लबच्या ताकदीचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. कारखाना केवढा, ते विचारा. 2024 चा अंतिम सामना दोन पोलादी गावांमधला होता, हेही त्याच इतिहासाचे शेपूट.

प्रश्न : मग हुनेदोआराच्या क्लबचे नाव ‘पोलाद’ का नाही?

कारण गावात किल्ला आहे. पंधराव्या शतकातला सेनापती हुनेदोआराचा यांकु, त्याचे घराणे कोर्विन म्हणून ओळखले जाते. त्याचा मुलगा मात्यास हंगेरीचा राजा झाला. घराण्याच्या चिन्हावर चोचीत अंगठी धरलेला डोमकावळा आहे, लॅटिनमध्ये ‘कोर्वुस’. क्लबने नाव तिथून घेतले. पैसा मात्र किल्ल्यातून येत नव्हता. 1884 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या लोखंड-पोलाद कारखान्यावर हे गाव वाढले आणि क्लबही त्याच्याच जिवावर उभा राहिला.

प्रश्न : मिर्चा लुचेस्कु यांच्या काळात या क्लबने नेमके काय केले?

1970 च्या विश्वचषकात रोमानियाचे कर्णधार असलेले लुचेस्कु 1977 मध्ये दिनामोतून हुनेदोआराला आले, तेव्हा त्यांची तिशी उलटली होती. 1979 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. तेव्हा ते खेळाडू राहूनच प्रशिक्षक झाले आणि 1980 मध्ये संघाला वर घेऊन आले. 1981-82 च्या हंगामात कोर्विनुल तिसरा आला. पुढच्या मोसमात युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपा लीगच्या जुन्या रूपात, ऑस्ट्रियाच्या ग्रात्सर आकाला हरवून दुसऱ्या फेरीत सारायेवोकडून बाहेर पडला.

तयार खेळाडू आणायला दिनामो आणि स्तेआउआसारखा जोर या क्लबकडे नव्हता. दिनामो गृहखात्याचा, स्तेआउआ सैन्याचा; हे क्लब कुणालाही उचलून नेऊ शकत. म्हणून भर तरुणांवर : मिर्चा रेदनिक, योआन आंदोने, मिखाएल क्लाइन, रोमुलुस गाबोर. 1980 मध्ये यातल्या कुणाचेही वय 21 च्या पुढे नव्हते. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युवा विश्वचषकात रोमानिया तिसरा आला आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्ण चेंडू गाबोरला मिळाला. ते यश कोर्विनुलच्या पोराचे होते.

पद्धत चांगली, पण तिचा तोटाही त्याच जागी. घडवलेली मुले थोड्याच वर्षांत राजधानीकडे जातात. रेदनिक आणि आंदोने 1983 मध्ये दिनामोला गेले. दोरिन मातेउत्सही इथेच घडला, पण 1988-89 मध्ये 43 गोल करून युरोपचा सुवर्ण बूट त्याने दिनामोच्या सदऱ्यात मिळवला. क्लाइन शेवटी जर्मनीत युर्डिंगेनला गेला आणि 1993 मध्ये सरावादरम्यान वारला. हुनेदोआराच्या मैदानाला त्याचेच नाव आहे. कोर्विनुल तोवर 1992 मध्येच पहिल्या श्रेणीतून खाली उतरला होता. 1989 नंतर कारखान्याची घरघर सुरू झाली आणि क्लबचा आधार सुटला.

प्रश्न : आजचा क्लब तोच आहे का? सगळीकडे स्थापनेचे वर्ष 1921 लिहिलेले दिसते.

नाव आणि मैदान तेच. कायदेशीर संस्था तीच नाही. जुनी संस्था 2004 मध्ये बंद पडली, त्यानंतर गावात नव्या संस्था उभ्या राहिल्या. रोमानियात हे सर्रास घडते. 2011 चा लीग विजेता ओत्सेलुल 2016 मध्ये बुडाला, चाहत्यांनी तो चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरू केला आणि 2023 मध्ये पहिल्या श्रेणीत आणला. स्तेआउआचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे : सैन्याच्या क्लबाने नाव आणि चिन्हासाठी खटला जिंकला, त्या नावाने पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या संघाला 2017 मध्ये एफसीएसबी हे नाव घ्यावे लागले आणि त्याच वर्षी सैन्याने आपला फुटबॉल विभाग चौथ्या श्रेणीतून उघडला.

ओळखायचे कसे? आधी नावापुढची अक्षरे पाहा. ‘सीएसएम’ असेल तर नगरपालिकेचा क्लब, ‘एसीएस’ असेल तर खासगी संघटना, शेवटी ‘एसए’ असेल तर भागभांडवलाची कंपनी. नावात स्थापनेचे वर्ष मुद्दाम जोडलेले असेल तर संशय धरा; अखंड चाललेल्या क्लबला तारीख मिरवायची गरज सहसा पडत नाही. मग संस्था कोणत्या श्रेणीतून खेळायला लागली ते पाहा. पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीतला क्लब एका मोसमात गायब होऊन पुढे तेच नाव चौथ्या श्रेणीत दिसले, तर मधे बहुधा दिवाळे निघालेले असते.

प्रश्न : जुने गुणतक्ते वाचताना श्रेण्यांची नावे आणि वर्षे जुळत नाहीत.

2006 पूर्वी पहिल्या तीन श्रेण्यांना दिविझिया ए, बी आणि सी म्हणत. ‘दिविझिया ए’ या नावाच्या हक्काचा वाद झाल्यावर लिगा 1, 2, 3 आले. चौथी श्रेणी जिल्ह्यांची, 41 जिल्हे आणि बुखारेस्ट मिळून 42 स्पर्धा. दुसरी अडचण 1950 ते 1956 ची. त्या काळात सोव्हिएत पद्धतीने हंगाम एकाच वर्षात, वसंत ते शरद असा चाले, म्हणून रेशित्साचा कप नुसता ‘1954’ असा नोंदला आहे. तिथे ‘1953-54’ शोधलेत तर काही सापडणार नाही. क्लबची नावेही बदलत असत : आरादचा यूटीए पन्नाशीच्या दशकात फ्लामुरा रोशिए, म्हणजे लाल निशाण, या नावाने खेळत होता. त्यामुळे तक्त्यात आधी गाव शोधा, क्लबचे नाव नंतर.