साइट पडते, साइट रखडते : डेटाबेसविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न वर्डप्रेस (साइट बांधण्याची प्रणाली) आणि मायएसक्यूएल (तिचा मजकूर साठवणारा डेटाबेस) यांवर चालणाऱ्या साइट्सचे आहेत. मायएसक्यूएलपासून निघालेली मारियाडीबी असली तरी एखाददुसरा तपशील वगळता उत्तरे तीच. कशालाही हात लावण्याआधी बॅकअप घ्या, हे एकदाच सांगून ठेवतो.

प्रश्न : दिवसातून दोन-तीनदा ‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही’ असा संदेश येतो आणि काही मिनिटांत साइट आपोआप सुरू होते. कॉन्फिग फाइलमधला पासवर्ड बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

उत्तर : पासवर्ड चुकीचा असता तर साइट आपोआप सुरू झालीच नसती, त्यामुळे तो विषय सोडा. येऊन-जाऊन असलेल्या तक्रारीत आधी दोन शक्यता पाहायच्या : जोडण्यांची मर्यादा संपते आहे, किंवा डेटाबेस सर्व्हर मधेच मरून पुन्हा उभा राहतो आहे.

वर्डप्रेस प्रत्येक वेळी तोच सरसकट संदेश दाखवते आणि खरे कारण गिळून टाकते. ते हवे असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये डीबग मोड आणि डीबग लॉग सुरू करा, पण स्क्रीनवर दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या फाइल्सचे पत्ते दिसतील. मग लॉगमधला क्रमांक बघा. 1045 म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला. 2002 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आले नाही. 1040 म्हणजे संपूर्ण सर्व्हरच्या जोडण्या भरल्या. मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा 151 असते. 1203 किंवा 1226 म्हणजे तुमच्या युजरला आखून दिलेला वाटा संपला. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) हा संशय आधी घ्यावा.

मर्यादा वाढवून मागणे हा पहिला उपाय नव्हे. एखादी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) आठ सेकंद चालली तर तिची जोडणीही आठ सेकंद अडकते, आणि अशा वीस विनंत्या एकदम आल्या की लहान प्लॅनचा वाटा संपलाच. साइट पडली त्या मिनिटाचा ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) उघडा. लॉगिन पानावर किंवा शोधाच्या पानावर एखादा बॉट (आपोआप विनंत्या पाठवणारा प्रोग्राम) तुटून पडलेला सापडणे अगदी शक्य आहे. लॉगमध्ये 2002 दिसत असेल आणि सर्व्हर तुमचा स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) असेल, तर सिस्टिम लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यांत जास्त जागा अडवणाऱ्या प्रोसेसवर नेम धरते, आणि ती बहुधा मायएसक्यूएलच असते. अशा वेळी एका वेळी चालणाऱ्या पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) प्रोसेसची संख्या कमी करा.

प्रश्न : कॅशिंग प्लगइन टाकल्यावर साइट झकास चालते, पण ॲडमिनमध्ये गेलं की प्रत्येक क्लिकला जीव जातो. होस्टिंग कंपनी मोठा प्लॅन घ्या म्हणते. घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. निदान तुमच्या प्रश्नातच आहे. पेज कॅश लॉगिन न केलेल्यांना आधी तयार केलेले पान देते. ॲडमिनमध्ये मात्र प्रत्येक पान पीएचपी आणि डेटाबेसमधूनच बनते. म्हणजे दुखणे बरे झालेले नाही, झाकले गेले आहे. खात्री करायची तर त्याच सर्व्हरवरची एक साधी चित्रफाइल उघडून बघा आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिला बाइट यायला लागलेला वेळ पाहा. चित्र चटकन आले आणि ॲडमिनचे पान तीन-चार सेकंद ताटकळले, तर नेटवर्कचा दोष नाही. (सार्वजनिक पानांसाठी गूगल 0.8 सेकंदापर्यंतचा वेळ चांगला मानते.)

माझा पहिला संशय ऑप्शन्स टेबलवर, म्हणजे साइटच्या आणि प्लगइन्सच्या सेटिंग साठवणाऱ्या टेबलवर. त्यातल्या ज्या ओळींवर ऑटोलोडची खूण असते त्या सगळ्या प्रत्येक पानाच्या वेळी एकदम मेमरीत येतात, लागोत वा न लागोत. वर्डप्रेस 6.6 पासून ‘साइट हेल्थ’ हे तपासणीचे पान या ओळींचा भार साधारण 800 केबीच्या वर गेला की इशारा देते. पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस ब्राउझरमधून हाताळण्याचे साधन) ऑटोलोड होणाऱ्या ओळी किमतीच्या लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावा. वरच्या दहा-पंधरा ओळींची नावे वाचली की उलगडा होतो : कधीच काढून टाकलेल्या स्लायडरची सेटिंग, एखाद्या सुरक्षा प्लगइनने साठवलेली आयपी पत्त्यांची भली मोठी यादी, मुदत न घातलेला तात्पुरता डेटा. प्लगइन काढले तरी त्याचा पसारा मागे राहतोच.

या ओळी लगेच उडवू नका. आधी फक्त ऑटोलोड बंद करा आणि काही दिवस साइट वापरून बघा. वेग आला आणि काही बिघडले नाही, तर मग खुशाल उडवा. तरीही रखडत असेल तर ‘क्वेरी मॉनिटर’ प्लगइन लावा. कोणत्या प्लगइनची कोणती क्वेरी किती वेळ खाते ते तो पानागणिक दाखवतो. प्लॅनचा विचार त्यानंतर.

प्रश्न : ऑर्डरच्या टेबलमध्ये काही लाख ओळी आहेत. ‘प्रलंबित’ ऑर्डर तारखेनुसार दाखवायला सहा सेकंद लागतात. स्थिती आणि तारीख या दोन्ही कॉलमवर वेगवेगळे इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याच्या सूची) आहेत.

उत्तर : तिथेच गोम आहे. क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन’ (ती कशी चालेल ते सांगणारा शब्द) लिहून चालवा. बहुधा एकच इंडेक्स वापरलेला दिसेल आणि शेवटी ‘फाइलसॉर्ट’, म्हणजे निवडलेल्या ओळी वेगळ्या रचून घेण्याचे काम. स्थिती आणि तारीख, याच क्रमाने, दोन्हींचा मिळून एक जोड इंडेक्स करा. क्रम उलटा केला तर तितका फायदा मिळणार नाही, कारण असा इंडेक्स डावीकडून वाचला जातो. नंतर स्थितीचा जुना सुटा इंडेक्स काढून टाका, नाहीतर प्रत्येक नव्या ऑर्डरला त्याचाही भार पडतो.

प्रश्न : क्वेरी कॅश सुरू केला तर वेग वाढेल का?

उत्तर : क्वेरींचे निकाल साठवून ठेवणारा हा कॅश मायएसक्यूएल 8.0 मधून काढूनच टाकला आहे. जुन्या आवृत्तीत असला तरी टेबलमध्ये एक ओळ बदलली की त्या टेबलचे साठवलेले सगळे निकाल बाद होतात. त्यापेक्षा रेडिससारखा ऑब्जेक्ट कॅश, म्हणजे वारंवार लागणारा डेटा मेमरीत ठेवणारी सोय, बघा.

प्रश्न : होस्ट बदलल्यावर देवनागरी मजकुराच्या जागी कुठे नुसती प्रश्नचिन्हे, कुठे टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरे दिसतात. मजकूर परत मिळेल का?

उत्तर : विचित्र अक्षरे मिळतील, प्रश्नचिन्हांबद्दल शंका आहे. पीएचपीमायॲडमिनमध्ये बिघडलेल्या ओळीचा हेक्स (मजकुराच्या बाइटांचे सोळा-आधारी रूप) काढा. प्रत्येक देवनागरी अक्षर यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि ‘ई0 ए4’ किंवा ‘ई0 ए5’ने सुरू होते. तसे दिसले तर डेटा शाबूत आहे, फक्त साइटच्या जोडणीचा कॅरेक्टर सेट (बाइट कोणत्या पद्धतीने अक्षरे म्हणून वाचायचे ते) चुकला आहे. कॉन्फिगमध्ये ‘यूटीएफ8एमबी4’ लिहा. ‘सी3 ए0 सी2 ए4’ दिसले तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे : डंप (डेटाबेसची फाइलरूप प्रत) ‘लॅटिन1’ म्हणून काढायचा आणि ‘यूटीएफ8एमबी4’ म्हणून भरायचा. आधी एका रिकाम्या डेटाबेसवर करून बघा.

एकापाठोपाठ ‘3एफ’ दिसले तर तिथे आता खरोखरच प्रश्नचिन्हे साठलेली आहेत, मूळ बाइट गेले. जुन्या होस्टचे खाते अजून बंद केले नसेल तर आजच तिथून योग्य कॅरेक्टर सेटने नवा डंप घ्या, आणि नव्या साइटवर मराठी मजकूर नीट दिसेपर्यंत ते खाते चालू ठेवा.