पावसाळी गादी, पहाटेची थंडी आणि आजीची वाकळ

गाद्या भरण्याच्या धंद्यात आमची तिसरी पिढी. त्यामुळे झोप येत नाही म्हणणाऱ्याला मी आधी अंथरूण विचारतो, औषध नंतर. या वेळचे वाचकांचे प्रश्न बहुतेक ओलीचे आणि थंडीचे आहेत.

जांबोटीच्या बाजूला आमचं घर आहे. आम्ही जमिनीवरच गादी घालून झोपतो. जूनपासून कापसाच्या गादीला कुबट वास येतोय. उचलून बघितली तर खालच्या अंगाला काळे ठिपके. गादीच बदलावी का?

जमिनीवर झोपता हे लिहिलं नसतंत, तरी ठिपक्यांवरून कळलं असतं. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, हे खरंच. पण ही ओल नुसती आभाळाची नव्हे, निम्मी आपल्याच अंगातली. रात्रभर अंगाची वाफ गादीत उतरते, खाली गार फरशी लागते आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब सुटतात, तसं गादीच्या पोटाखाली पाणी धरतं. त्यात कापूस जात्याच पाणी ओढणारा. बेताच्या हवेतही तो वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. म्हणजे १० किलोच्या गादीत पाऊण लिटर पाणी बारमाही आहेच. आषाढात किती, ते तुम्हीच बघा.

गेल्या भाद्रपदात अशीच एक गादी मी उसवली. वरचा कापूस पांढरा, मधला पिवळट, आणि खालची चार बोटं जाडी निपाणीच्या ओल्या तंबाखूसारखी हाताला चिकटत होती. तो कापूस टाकायचाच असतो. तुमचे ठिपके मात्र खोळीपुरतेच असतील तर खोळ बदला, कापूस पिंजून, वाळवून परत भरा. घरात दमेकरी असेल तर तेवढाही विचार करू नका, नवीनच घ्या.

पुढची काळजी म्हणजे गादीखालून वारा जाऊ दे. फळ्याफळ्यांत फट असलेली खाट उत्तम. ती नसेल तर खाली बांबूची चटई घाला आणि सकाळी गादी भिंतीला उभी करा. उठल्याउठल्या वळकटी बांधायची आपली सवय चांगल्या वळणाची म्हणून शिकवलेली, पण ओली वाफ आत कोंडून ठेवणारी. तासभर अंथरूण उघडं पडू दे, सासूबाई काय म्हणायच्या ते म्हणोत. आणि ओल लागू नये म्हणून गादीखाली प्लास्टिकचा कागद घालणारे बरेच भेटतात. त्यानं वाफ अडते आणि बुरशी उलट लवकर येते.

बेळगावात टिळकवाडीत राहतो. डिसेंबरात दहाला जाड रजई घेतली की घाम फुटतो, ती ढकलली की पहाटे चारला कुडकुडत जाग येते. रजई कोणती घ्यावी?

एकही नको. तुमची अडचण एकाच जाड पांघरुणाची आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या वर, त्यामुळे दिवसा ऊन आणि पहाटे झोंबणारा गारठा अशी इथली तऱ्हा. शिवाय झोप लागताना शरीर स्वतःच गार होत जातं आणि पहाटेच्या सुमाराला सगळ्यांत गार असतं. म्हणजे अंग आणि हवा दोन्ही एकाच वेळी तळाला जातात. दहाची रजई चारला कशी पुरणार, आणि चारची दहाला कशी सोसणार?

अंगालगत सुती चादर घ्या. तिच्यावर पातळ वाकळ किंवा सोलापुरी चादर. आणि पायथ्याशी घडी घालून घोंगडं. पहाटे डोळे न उघडता पायानं ओढता आलं पाहिजे, एवढ्या अंतरावर. ऊब कापडात नसते, कापडाकापडात अडकलेल्या हवेत असते. म्हणून दोन पातळ पांघरुणं एका जाडाला भारी पडतात.

घोंगडं टोचतं, मान्य. म्हणून तर ते सगळ्यांत वर. पण लोकरीची गंमत अशी की ती कापसाच्या दुप्पट, १६ टक्क्यांच्या घरात ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, आणि ओल शोषताना थोडी ऊब सोडते. धनगर भर पावसात घोंगड्याची खोळ घेऊन रानात उभा राहतो, त्यामागं हेच आहे. बाजारातल्या गुबगुबीत पॉलिएस्टर ब्लँकेटचा धागा अर्धा टक्काही ओल घेत नाही. घाम तुमच्याच अंगावर राहतो.

एक राहिलं. लोखंडी कॉटवर दोन इंची गादी असेल तर वर कितीही घ्या, थंडी खालून येते. अंगाखाली दबलेल्या कापसात हवा उरत नाही. तिथं गादीवर एक जुनी वाकळ अंथरा, मग बघा.

‘१००० थ्रेड काऊंट’ची चादर निम्म्या किमतीत मिळतेय. घ्यावी का? (निपाणी)

नको. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, तो हा आकडा. पिळाच्या एका धाग्यातले पदर सुटे मोजून तो फुगवतात. २०० ते ३०० ची साधी सुती चादर आपल्या हवेला पुरे. चादर उजेडासमोर धरा, वीण एकसारखी दिसली की झालं.

आजीनं शिवलेली वाकळ आहे. मशिनमध्ये टाकायला धीर होत नाही. कशी धुवावी? (संकेश्वर)

संकेश्वरात राहून मला विचारता? घट बसण्याआधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं हिरण्यकेशीवर न्यायची, दगडावर पायांनी तुडवायची आणि चौघांनी चार कोपरे धरून पिळायची, हे तुमच्याच गावचं. वर्षातून ती वेळही नेमकी, पावसाची ओल सरत आलेली आणि पुढं ऑक्टोबरचं ऊन.

घरी करायचं तर मोठ्या टबात कोमट पाण्यात सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवा आणि पायांनीच तुडवा. ब्रश नको. त्याआधी एक काम: वाकळ उलटी अंथरून धावदोऱ्यावरून बोट फिरवा. जिथं बोट अडकेल, तिथला टाका सुटलाय. तो आधी घाला, नाहीतर आतलं लुगडं सरकून गोळा होतं. इरकली लुगड्याचा काठ असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा, लाल रंग उतरतो का बघा. ओली वाकळ एकाच दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनानंच टाके तुटतात. कट्ट्यावर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी टाका.

(हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या वाकळेच्या, चारही कोपऱ्यांना कापडी फुलं शिवतात. त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. तुमच्या आजीनंही एखादी खूण सोडली असेल, शोधा.)

डोकं गोल व्हावं म्हणून बाळाला मोहरीची उशी द्यायची का? नात दोन महिन्यांची आहे.

नाही. वर्षाच्या आत उशीच नको, मग ती मोहरीची असो की सावरीची. पाठीवर, सपाट घट्ट अंथरुणावर निजवा, तोंडाजवळ सुटं पांघरूण ठेवू नका. थंडी असेल तर अंगात एक झबलं जास्त. जागेपणी तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पोटावर ठेवा, डोक्याला आकार त्यानं येतो.

मिस्टर मराठा लाईट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेत. कंबर दुखते तरी जमिनीवर घोंगडं टाकूनच झोपतात, म्हणतात कडक अंथरूण कंबरेला बरं. खरं का?

अर्धं. फार मऊ गादीत कंबर खड्ड्यात जाते, इथपर्यंत ते बरोबर आहेत. पण २००३ साली स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना निम्मे कडक, निम्मे मध्यम कडक गादीवर झोपवून बघितलं, तेव्हा मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तेव्हा घट्ट भरलेली चार इंची कापसाची गादी करा. गादीवाल्याला ‘मऊ नको’ एवढं बजावून सांगा. कुशीवर झोपत असतील तर गुडघ्यांत एक पातळ उशी द्या. आणि गादी म्हटल्यावर ते ऐकणार नाहीतच, म्हणून घोंगडं काढून घेऊ नका. ते गादीवर अंथरा.