उतारावर फडफडणारे हँडल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना हँडल एकाएकी डावी-उजवीकडे फडफडू लागले, तू ते जिवाच्या आकांताने आवळून धरलेस आणि फडफड थांबण्याऐवजी वाढली, असे तू लिहिले आहेस. सायकल विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव. अशा वेळी बहुतेकांचे हात हेच करतात. माझ्या हातांनीही केले होते आणि मी डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन थांबलो होतो.

ही फडफड म्हणजे तोल जाणे नव्हे. एका ठरावीक वेगाला पुढचे चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा जरासे एका बाजूला वळतात, सांगाड्याच्या नळ्यांना किंचित पीळ बसतो आणि तो पीळ सुटताना चाकाला उलट दिशेने ढकलतो. ही ये-जा सेकंदाला पाच-सात वेळा होते आणि हाताने तिला उलटा हिसका द्यायचा म्हटले, तर हात दर वेळी उशिराच पोहोचतो. त्यात सीटवर सगळे वजन टाकून बसलेले शरीर आणि ताठरलेले खांदे असले की तिला आयतेच खतपाणी मिळते.

म्हणून पहिले काम गुडघ्यांचे. पाय मारणे थांबवून दोन्ही पेडल समपातळीत आण, मधला दांडा दोन्ही गुडघ्यांनी घट्ट दाबून धर, आणि वजन पेडलवर घेऊन सीटवरून अगदी बोटभर वर उठ. घणघणणाऱ्या घंटेला तळहात लावला की तिचा नाद जसा जागीच बसतो, तसेच काहीसे येथे घडते. हँडल सोडायचे मुळीच नाही, परंतु बोटे सैल आणि कोपर वाकलेले हवेत. मग मागचा ब्रेक हळूहळू लावत वेग उतरव. पुढचा ब्रेक घाबरून कचकन दाबलास, तर आधीच बिथरलेल्या चाकावर आणखी भार येतो.

तू पहाटे घाट उतरत होतास, हेही मला महत्त्वाचे वाटते. थंडीने अंगात भरलेले कापरे हातांवाटे हँडलपर्यंत पोहोचते, आणि कित्येकदा फडफडीची सुरुवात तेथूनच होते. हिवाळ्यात उतारापूर्वी वाराबंद जाकीट चढवायला दोन मिनिटे थांबावे.

आता सायकलकडे वळू. पुढचा ब्रेक दाबून ती मागे-पुढे हलव आणि चिमट्याच्या वरच्या कपाच्या, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगच्या वाटीच्या, सांध्यावर बोट ठेव. बोटाला बारीकशी ‘टक’ जाणवली, तर कप सैल आहे. माझ्या गटारयात्रेचे कारण तेच निघाले होते, आणि तो कप मीच आळसाने महिनाभर तसाच ठेवला होता. तो कसताना हँडल जड फिरेल इतकाही आवळू नये. नंतर चाक उचलून फिरव व रिम ब्रेकच्या रबराजवळून लहरत जाते का ते पाहा. जात असेल, तर कारागिराकडून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घे, आणि हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ढिलेपणा आहे का, हेही त्याला तपासायला सांग.

हे सगळे झाले की रविवारी आपण दोघे निघू. हँडलला लटकवलेली ती पिशवी मात्र काढून ठेव. सामान मागच्या कॅरिअरला, हलणार नाही असे, मी बांधून देईन.